वेपेरीचा छापखाना आणि इंग्रजीची आडवी रेघ

१७६१ साली ब्रिटिश सेनापती आयर कूटच्या फौजेने पाँडिचेरी घेतली, तेव्हा लुटीत फ्रेंचांचा छापखानाही मद्रासला आला. तो तिथल्या वेपेरी भागातले जर्मन मिशनरी फॅब्रिशियस यांच्या हवाली झाला. अट अशी, की ईस्ट इंडिया कंपनीचे काम आधी करायचे. १७७९ मध्ये त्यांचा तमिळ-इंग्रजी कोश वेपेरीतच छापून निघाला. परक्यांचा इंग्रजी मजकूर छापून देण्याचे काम या शहराच्या अंगवळणी पडले ते तेव्हापासून.

आता खिळे गेले, जुळारीही गेले. चेन्नईतल्या टीएनक्यू, न्यूजेन अशा कंपन्यांत परदेशी प्रकाशकांची पुस्तके आणि संशोधनपत्रिका संगणकावर पानांत बसतात. तिथल्या कॉपी-एडिटरला डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते ती एक बारीक आडवी रेघ: क्रियाविशेषण आणि विशेषण यांना जोडणारा हायफन.

ढोबळ नियम सोपा आहे. ‘अ वेल-नोन ऑथर’ असे नामाआधी आले तर रेघ द्यायची. ‘द ऑथर इज वेल नोन’ असे नामानंतर आले तर नाही. ‘हायली रिस्पेक्टेड’मध्ये ती कधीच नको, कारण ‘ली’ हा प्रत्यय दिसताच शब्द पुढच्या विशेषणाला लागतो हे वाचकाला कळते. ‘फॅमिली-ओन्ड’ला मात्र हवी. ‘फॅमिली’च्या शेवटी ‘ली’ असली तरी ते नाम आहे. नवखे नेमके इथे फसतात.

पूर्वी हे इतके काटेकोर नव्हते. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश छपाईत ‘न्यूली-मॅरीड’ रेघेसकट सर्रास सापडते. ऑक्सफर्डच्या छापखान्यात होरेस हार्ट यांनी १८९३ मध्ये आपल्या जुळाऱ्यांसाठी नियमांची पुस्तिका काढली. शिकागो विद्यापीठाची १९०६ मध्ये आली. ‘ली’च्या बाबतीत आज दोन्ही घराण्यांचे एकमत आहे. एकंदर कल रेघा कमी करण्याकडे आहे: ‘शॉर्टर ऑक्सफर्ड’ कोशाने २००७ च्या आवृत्तीत सुमारे १६,००० शब्दांमधले हायफन काढून टाकले.

पण सगळेच हायफन काढता येत नाहीत. ‘लिटल-यूज्ड कार’ म्हणजे फारशी न वापरलेली मोटार, तर ‘लिटल यूज्ड कार’ म्हणजे छोटी, जुनी मोटार. लेखकाला यांतले कोणते म्हणायचे आहे, हे नियमांचे पुस्तक सांगत नाही. मग एडिटर समासात ‘ऑथर क्वेरी’ टाकतो आणि प्रूफ लंडनला किंवा न्यूयॉर्कला जाते. रेघ राहणार की जाणार, ते लेखकाचे उत्तर आल्यावर ठरते.