वाजवून पाहिलेला इतिहास

जॅझचा इतिहास वर्षानुवर्षं ज्या पद्धतीने सांगितला गेला, त्यात बाई भेटते ती बहुतेक वेळा माइकपुढे. बेसी स्मिथ, बिली हॉलिडे, एला फिट्झजेराल्ड ही नावं आपल्याकडेही पोचली आहेत. पियानोवर बसलेली, बँडसाठी अरेंजमेंट लिहून देणारी, पुढच्या पिढीला शिकवणारी बाई मात्र त्या कथेत क्वचितच दिसते. ती होती. लुई आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्हमध्ये पियानो लिल हार्डिन वाजवत होती. मेल्बा लिस्टन ट्राँबोन वाजवत होती आणि नामवंत बँडांसाठी अरेंजमेंटही करत होती. या स्त्रियांचा शोध हे आता रीतसर अभ्यासक्षेत्र झालं आहे आणि त्यात शिरू पाहणाऱ्या मराठी वाचकाचं इथे मनापासून स्वागत आहे. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत नसेल तरी बिचकू नये. कान शाबूत असले की सुरुवात करता येते.

या क्षेत्राची ओळख करून देण्यासाठी मी जॅझ पियानोवादक जेरी ॲलन यांची कारकीर्द निवडली आहे. त्यांच्याहून जास्त गाजलेल्या वादक सापडतील, जास्त पानं लिहिलेल्या संशोधकही सापडतील. पण वाजवणं, शिकवणं आणि शोधणं ही तिन्ही कामं इतकी एकजीव झालेली माझ्या माहितीत दुसरीकडे नाहीत.

जन्म १९५७ सालचा, मिशिगनमधल्या पाँटिॲकचा, वाढल्या डेट्रॉइटमध्ये. वडील शाळेचे मुख्याध्यापक. कॅस टेक्निकल हायस्कूलमध्ये शिकत असतानाच ट्रंपेटवादक मार्कस बेलग्रेव्ह यांच्या हाताखाली त्या तयार होऊ लागल्या. पुढे हॉवर्ड विद्यापीठाची पदवी, न्यूयॉर्कमध्ये केनी बॅरन यांच्याकडे शिक्षण, आणि मग पिट्सबर्ग विद्यापीठात एथ्नोम्युझिकॉलॉजीचं एम.ए. प्रबंधाचा विषय होता एरिक डॉल्फी. हा सॅक्सोफोन, बासरी आणि बास क्लॅरिनेट वाजवणारा माणूस. एका स्वरावरून भलत्याच दूरच्या स्वरावर झेप घेणं ही त्याची खासियत. ॲलन यांच्या उजव्या हाताच्या फिरतीत ज्या अनपेक्षित उड्या ऐकू येतात, त्यांचं मूळ मला या अभ्यासात दिसतं. पहिल्या अल्बमपासून, म्हणजे १९८४ च्या ‘द प्रिंटमेकर्स’पासून, त्या ऐकू येतात. पियानोला आपल्या बँडपासून अनेक वर्षं लांब ठेवणाऱ्या ऑर्नेट कोलमन यांनी १९९६ च्या ‘साउंड म्युझियम’ अल्बमांसाठी ॲलन यांना बोलावलं, ही गोष्टही इथे लक्षात घ्यावी.

पण या प्रस्तावनेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचं आहे ते मेरी लू विल्यम्स यांच्याशी जुळलेलं त्यांचं नातं. मेरी लू (१९१०–१९८१) पिट्सबर्गमध्ये वाढल्या. कॅन्सस सिटीच्या अँडी कर्क यांच्या बँडचा पियानो आणि अरेंजमेंट त्यांनी सांभाळली. बँडच्या पाटीवर नाव अर्थातच कर्क यांचं. मुंबईच्या सिनेमासंगीताची माहिती असणाऱ्याला हे नवं नाही. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस या गोव्याच्या अरेंजरांनी किती गाण्यांना रूप दिलं, आणि श्रेयनामावलीत त्यांच्या वाट्याला काय आलं, हे आपण जाणतोच. अरेंजरचं काम कानावर पडतं, नाव पडत नाही. अरेंजर बाई असली तर ते नाव आणखी मागे सरकतं.

१९४५ मध्ये मेरी लू यांनी ‘झोडिॲक सूट’ रचला. बारा राशी, बारा छोट्या रचना, आणि प्रत्येक रचना त्या राशीवर जन्मलेल्या कलावंतांना अर्पण केलेली. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये हा सूट छोट्या ऑर्केस्ट्रासह सादर झाला. जॅझ आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत यांची अशी सांगड तेव्हा कुणी फारशी घातलेली नव्हती. तरीही पुढे बरीच वर्षं हा सूट बाजूला पडून राहिला.

ॲलन यांनी तो पुन्हा वाजवायला घेतला. १९९६ साली रॉबर्ट ऑल्टमन यांच्या ‘कॅन्सस सिटी’ चित्रपटात त्या मेरी लू यांच्याच भूमिकेत पियानोवर बसल्या होत्या. २००६ मध्ये ‘झोडिॲक सूट: रीव्हिजिटेड’ प्रसिद्ध झाला. असं काम करताना वादकापुढे खरा संशोधनाचा प्रश्न उभा राहतो. जुन्या ध्वनिमुद्रणातला कुठला स्वर रचनेचा आणि कुठला त्या दिवशी ऐन वेळी सुचलेला? जे रचलेलं आहे ते जपायचं, जे सुचलेलं आहे तिथे आपलं सुचवायचं. तळटीप लिहिणाऱ्याला हा निर्णय लांबवता येतो. वादकाला मात्र पुढच्या मात्रेच्या आत तो घ्यावाच लागतो. ॲलन यांनी घेतलेले असे निर्णय हे मला संशोधनच वाटतं, आणि या क्षेत्राने ते तसंच मोजावं असा माझा आग्रह आहे. २००८ मध्ये मिळालेल्या गुगेनहाइम फेलोशिपचं फळ म्हणून त्यांनी ‘फ्लाइंग टोवर्ड द साउंड’ हे एकल पियानोवादन पुढे ठेवलं. मॅकॉय टायनर, हर्बी हँकॉक आणि सेसिल टेलर यांच्या शैलींचा अभ्यास, तोही पियानोवरच केलेला.

मिशिगन विद्यापीठात काही वर्षं शिकवून २०१३ मध्ये त्या पिट्सबर्गला परतल्या. आपले गुरू नेथन डेव्हिस यांच्या जागी जॅझ विभागाच्या प्रमुख झाल्या. पियानोवादक एरल गार्नर हेही त्याच शहराचे. त्यांची १९५५ ची गाजलेली मैफल तोवर काटछाट केलेल्या रूपातच मिळत होती. ती २०१५ मध्ये पूर्ण स्वरूपात निघाली, तिच्या निर्मात्यांत ॲलन होत्या. शिवाय न्यूअर्कमध्ये जॅझ शिकणाऱ्या मुलींसाठी त्यांनी निवासी वर्ग चालवले. २०१७ च्या जूनमध्ये, साठी नुकतीच पूर्ण झालेली असताना, कर्करोगाने त्यांचं निधन झालं. इतक्या लवकर जायला नको होतं.

त्यांच्यासोबत वाजवणाऱ्या ड्रमवादक टेरी लिन कॅरिंग्टन यांनी पुढच्याच वर्षी बर्कली संगीत महाविद्यालयात जॅझ आणि लिंगभाव-न्याय यांना वाहिलेली संस्था उभी केली आणि २०२२ मध्ये १०१ स्त्रियांच्या रचनांचं स्वरलिपीसह पुस्तक काढलं. जॅम सेशनला बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या स्टँडवर बाईची रचना असावी, इतका साधा त्यामागचा हेतू.

वाचनाला कुठून सुरुवात करावी? शेरी टकर यांचं ‘स्विंग शिफ्ट’ आधी घ्यावं. १९४० च्या दशकातले फक्त स्त्रियांचे बँड त्यात भेटतात. मग टॅमी कर्नोडल यांनी लिहिलेलं मेरी लू यांचं चरित्र ‘सोल ऑन सोल’, आणि त्यानंतर फराह जॅस्मिन ग्रिफिन यांचं ‘हार्लेम नॉक्टर्न’. ग्रिफिन आणि ॲलन यांनी मिळून मेरी लू यांच्यावर रंगमंचीय प्रयोगही केला होता. मात्र पुस्तक उघडण्याआधी ‘झोडिॲक सूट’ची १९४५ आणि २००६ ची ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐकावीत, आणि पहिल्या खेपेला फक्त डाव्या हाताकडे लक्ष ठेवावं.