कुलूप लावल्यानंतरचे ७९ तास

हा घटनाक्रम कुण्या एका ठरावीक घराचा नाही. बंद घरात गॅस गळून स्फोट कसा होतो, त्याच्या पायऱ्या एका कल्पित घरात मांडल्या आहेत. डोंबिवलीतली सोसायटी, दुसरा मजला, मे महिना, आणि दहा दिवसांसाठी कुडाळला निघालेलं कुटुंब.

गुरुवार, रात्री ८:०० (८० तास बाकी)

गाडीत खायला दशम्या आणि बटाट्याची सुकी भाजी करून झाली. ओटा पुसला, शेगडी पुसली, दोन्ही बर्नरची बटणं हात लावून पाहिली. घरातल्या सगळ्यांच्या लेखी गॅस बंद झाला.

बटण फिरवल्यावर त्या बर्नरकडे जाणारा गॅस थांबतो, तेवढंच. सिलिंडरपासून शेगडीपर्यंतच्या नळीत तो भरलेलाच असतो. रेग्युलेटर चालू आहे तोवर नळीतून जेवढा गळेल, तेवढा मागून येत राहतो. म्हणून रेग्युलेटर रोज रात्री बंद करायचा. गावाला जाताना तर तो सिलिंडरवरून काढूनच ठेवायचा आणि दोरीला लटकणारं प्लास्टिकचं झाकण व्हॉल्व्हवर घट्ट बसवायचं. मिनिटभराचं काम. पण त्यासाठी ट्रॉली ओढून ओट्याखाली वाकावं लागतं, आणि रिक्षा खाली येऊन थांबलेली असताना ते राहून जातं.

या घरातली नळी हिरवी आहे, हार्डवेअरच्या दुकानातून मापाने कापून आणलेली. ती कधी बसवली हे कुणालाच आठवत नाही. गॅस एजन्सीकडे मिळणाऱ्या केशरी ‘सुरक्षा’ नळीला आतून तारेचं बळ दिलेलं असतं, आणि तीसुद्धा दर ५ वर्षांनी बदलायची असते. नळी वाकवून पाहिली आणि बारीक भेगा दिसल्या, की ती त्याच दिवशी बदलावी. जोडांवर साबणाचं पाणी लावावं. बुडबुडे आले तर गॅस गळतोय. काडी पेटवून गळती शोधणारी माणसं अजूनही आहेत, त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं, असं करू नका.

रात्री ८:३० (साडे ७९ तास बाकी)

टीव्हीचा प्लग काढला, गिझर बंद केला, वॉशिंग मशीनचा नळही बंद केला. फ्रिजवरून मात्र दोन मतं. आत आमरसाच्या दोन बाटल्या आहेत, ओलं खोबरं आहे, लोणच्याची बरणी आहे. राहू दे चालू, असं ठरतं.

बाटल्या शेजारी देता आल्या असत्या. दोन दिवस आधीपासून फ्रिज रिकामा करत आणायचा, पुसून कोरडा करायचा, प्लग काढायचा आणि बुरशी धरू नये म्हणून दारात टॉवेलची घडी घालून ते किलकिलं ठेवायचं. औषधांसाठी किंवा कशासाठी फ्रिज चालू ठेवावाच लागत असेल, तर रेग्युलेटर काढल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकू नये.

कॉम्प्रेसर सुरू होताना ‘टक्’ असा आवाज येतो. अनेक फ्रिजमध्ये तो रिलेचा असतो. रिलेतले धातूचे संपर्क जुळताना किंवा सुटताना बारीक ठिणगी उडू शकते. एरवी तिने काही बिघडत नाही. पण हा रिले बहुतेक वेळा कॉम्प्रेसरला लागून असतो, म्हणजे फ्रिजच्या मागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर. आणि एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगतच साठतो.

रात्री ९:०० (७९ तास बाकी)

खिडक्या सरकवून लावल्या. कबुतरं शिरू नयेत म्हणून एक्झॉस्ट फॅनच्या भोकावर पुठ्ठा चिकटवला. दाराला दोन कुलपं लागली. दागिने आठवडाभर आधीच बँकेच्या लॉकरमध्ये गेले होते. शेजारी किल्ली ठेवलेली नाही.

शुक्रवार, शनिवार

काही घडत नाही. फ्रिज सुरू होतो, बंद होतो.

रविवार, रात्री ९:०० (७ तास बाकी)

डक्टमधून उंदीर चढतो आणि मोरीच्या पाइपाशेजारच्या फटीतून आत येतो. ओट्यावर कणभर अन्न नाही. तो ओट्याखाली शिरतो आणि नळी कुरतडतो. तारेचं बळ नसलेल्या जुन्या रबराला भोक पडायला वेळ लागत नाही. बारीक फुसफुस सुरू होते.

रात्री ११:०० (५ तास बाकी)

गॅस ट्रॉलीखालून फरशीवर उतरला आहे. दाराच्या फटीतून तो हॉलकडेही सरकू लागला आहे.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. हवेत एलपीजीचं प्रमाण सुमारे २ टक्के झालं, की ठिणगीने ते मिश्रण पेटतं. दहा फूट बाय आठ फुटांचं स्वयंपाकघर म्हणजे जवळपास २० घनमीटर हवा. तिच्यात २ टक्के व्हायला किलोभरही गॅस लागत नाही. जमिनीलगत तर त्याहून कमी गळतीतही तेवढं प्रमाण होतं. खिडक्या उघड्या असत्या तरी त्या वर, आणि गॅस खाली. खालून झरोका असेल तरच तो बाहेर जातो.

सोमवार, रात्री १:३० (अडीच तास बाकी)

दुसरी पाळी संपवून आलेल्या शेजाऱ्याला जिन्यात वास येतो. एलपीजीला स्वतःचा असा वास नसतो. गळती कळावी म्हणूनच त्यात मर्कॅप्टन मिसळतात, आणि प्रमाण धोक्यापर्यंत पोचायच्या बरंच आधी माणसाच्या नाकाला ते कळतं. या घरात तीन दिवस नाकच नाही.

शेजाऱ्याने दोन बोटं बेलकडे नेली आणि इतक्या रात्री नको म्हणून मागे घेतली. ते बरंच झालं, कारण बेलमधूनही ठिणगी उडू शकते. जिन्यातल्या दिव्याच्या बटणालाही हात लावायचा नाही. खाली उतरून, इमारतीपासून लांब जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर आणि १०१ वर अग्निशमन दलाला फोन करायचा आणि आजूबाजूच्यांना बाहेर काढायचं. घरात इन्व्हर्टर असेल तर तेही सांगायचं. मीटरच्या खोलीतून वीज तोडली की इन्व्हर्टर आपोआप चालू होतो आणि त्याचाही रिले वाजतो.

शेजाऱ्याला यातलं काही कुणी कधी सांगितलेलं नाही. कुणाची तरी शेगडी विझली असेल, असं वाटून तो झोपायला जातो.

पहाटे ४:००

कॉम्प्रेसर सुरू होतो. टक्.

स्वयंपाकघर आणि त्या शेजाऱ्याची बेडरूम यांच्यामध्ये चार इंची विटांची भिंत आहे. असला दाब सोसायला ती बांधलेलीच नसते. खिडक्या चौकटीसकट रस्त्यावर येतात, दार उखडून जिन्यात पडतं.

पहाटे ४:२०

खाली जमलेले लोक सिलिंडर फुटला असं म्हणतात. सिलिंडर ओट्याखाली जागच्या जागी आहे. फुटला तो बाहेर साचलेला गॅस. नळीच्या तोंडाशी अजून जाळ आहे. अग्निशमन दलाचे जवान विचारतात, आत माणसं किती, भरलेला दुसरा सिलिंडर कुठे ठेवलाय? तो ड्राय बाल्कनीत आहे, जाळापासून चार पावलांवर. सोसायटीत हे कुणाला माहीत नाही. वॉचमनच्या वहीत त्या घराचा नंबर नाही. ढिगाऱ्याखालच्या शेजाऱ्याला आधी काढायचं की सिलिंडर शोधायचा, हे जवानांना तिथे उभ्या उभ्या ठरवावं लागतं.