मायकेलअँजेलोने लपवलेली मूर्ती

आज एकाच मूर्तीबद्दल बोलतो, आणि सुरुवात एका पत्रापासून करतो. १५०६ चा जानेवारी. मायकेलअँजेलो रोममध्ये आहे, वय तीस. फ्लॉरेन्सला वडिलांना तो कळवतो की, ती संगमरवरी मेरीमातेची मूर्ती घरात नेऊन ठेवा आणि कुणालाही पाहू देऊ नका.

ज्याचा डेव्हिड नुकताच भर चौकात उभा राहिला होता, तो माणूस ही मूर्ती लपवतो! १५०१ मध्ये त्याने सिएनाच्या कॅथेड्रलसाठी पंधरा पुतळ्यांचा करार केला होता. ते काम त्याने चार पुतळ्यांवर सोडलं. तेव्हा इतर कामांची चर्चा होऊ नये, असं त्याला वाटलं असणं शक्य आहे. नक्की कारण मात्र पत्रात नाही.

मूर्ती घेतली ब्रूजच्या मूस्क्रों या कापडाच्या व्यापाऱ्यांनी, शंभर डुकाटला. ब्रूज म्हणजे आजच्या बेल्जियममधलं गाव. १५१४ मध्ये ती तिथल्या मेरीमातेच्या चर्चमध्ये आली. १५२१ मध्ये जर्मन चित्रकार ड्यूररने ती पाहिली आणि रोजनिशीत नोंदवली, फक्त दगड अलाबास्टर म्हणून लिहिला. तिकडे इटलीत वासारीने, आणि मायकेलअँजेलोच्या खुद्द शिष्याने, कोंदिवीने, ती ब्राँझची असल्याचं लिहून टाकलं! शिष्याने हे लिहिलं तेव्हा गुरू हयात होते. लपवाछपवी इतकी यशस्वी झाली, म्हणायची.

आता मूर्तीकडे या. आपल्याकडे काय, तिकडे काय, आई म्हटली की मूल मांडीवर किंवा कडेवर. इथे तसं नाही. आई बसलेली आहे आणि बाळ तिच्या गुडघ्यांच्या मधे उभं आहे, पाऊल खाली टाकण्याच्या बेतात. चांगलं धट्टंकट्टं मूल आहे. आईच्या उजव्या हाताशी पुस्तक आणि डावा हात बाळाच्या हातात. तो हात जरा नीट पाहा. तिने त्याला धरलेलं नाही. सोडलेलंही नाही. आमच्या तत्त्वज्ञानात 'असणं' आणि 'होणं' यांवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेलेत. मला वर्गात तो भेद समजावताना या हाताची फार मदत झाली.

पुष्कळ लोक म्हणतात, आई दुःखी आहे, मुलाचं पुढचं मरण तिला दिसतंय. मला हे पटत नाही. तिची नजर खाली, बाजूला गेलेली आहे. मुलाकडे नाही, आपल्याकडेही नाही. चेहऱ्यावर शोक शोधावा लागतो. बाळाला अडवायचं असतं तर बोटं आवळली गेली असती. ती सैल आहेत. मुलाला चालायला शिकवणाऱ्या कुठल्याही आईचा हात असाच असतो. शिल्पकाराने धर्मकथेत घरातली ही गोष्ट आणली, आणि माझ्या मते मूर्तीचं सगळं बळ तिथे आहे.

पुढे तिच्यावर दोनदा संकट आलं. १७९४ मध्ये फ्रेंचांनी ती पॅरिसला नेली. नेपोलियन हरल्यावर परत आली. १९४४ च्या सप्टेंबरात माघार घेणाऱ्या जर्मनांनी ती गाद्यांमध्ये गुंडाळून रेडक्रॉसच्या ट्रकमधून पळवली. ती सापडली ऑस्ट्रियात, आल्टाउसेच्या मिठाच्या खाणीत. त्या खाणीत तिथल्या नाझी प्रांतप्रमुखाने आठ पेट्या ठेवून घेतल्या होत्या. पेट्यांवर लिहिलं होतं, 'संगमरवर, पाडू नका'. आत प्रत्येकी पाचशे किलोचा बॉम्ब. खोट्या संगमरवराच्या शेजारी खरा संगमरवर! खाणकामगारांनी त्या पेट्या बाहेर काढल्या म्हणून आज आपण यावर बोलतोय.

१९७२ मध्ये रोमला 'पिएता'वर एकाने हातोडा चालवला. त्यानंतर ब्रूजची मूर्तीही काचेआड गेली, लोकांपासून बरीच लांब. लांबून आईचा चेहरा दिसतो. हातासाठी मात्र दुर्बीण न्यावी, असं मी जाणाऱ्यांना सांगतो.