कानातून येणारी चक्कर

'चक्कर येते' या एकाच तक्रारीत अनेक अवस्था मोडतात. उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, अशक्तपणाने तोल जाणे आणि भोवतालची खोली गरगर फिरत असल्याचा भास होणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. यांपैकी शेवटच्या प्रकाराला वैद्यकीय परिभाषेत 'व्हर्टिगो' म्हणतात आणि त्याचे मूळ बहुधा आंतरकर्णात असते.

आंतरकर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमधील द्रवाच्या हालचालीवरून डोके कोणत्या दिशेला वळले, हे मेंदूला कळते. शेजारच्या पिशवीसारख्या भागात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण चिकटलेले असतात. वाढत्या वयात किंवा डोक्याला मार लागल्यावर ते सुटून नलिकेत शिरले, की डोके हलताच घरंगळतात, द्रव ढवळला जातो आणि डोके स्थिर झाले तरी ते फिरतच आहे, असा चुकीचा संदेश मेंदूकडे जातो. कूस बदलताना, अंथरुणातून उठताना किंवा फळीवरचा डबा काढण्यासाठी मान वर करताना हा झटका येतो व सहसा मिनिटभरात ओसरतो. यालाच 'बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो', थोडक्यात 'बीपीपीव्ही' म्हणतात.

आपल्याकडे अशा रुग्णाच्या मानेचा एक्स-रे निघतो, त्यात मणक्यांची झीज दिसते (उतारवयात ती बहुतेकांना असतेच) आणि गळ्यात पट्टा येतो. कानातले कण मात्र नलिकेतच राहतात. वास्तविक निदानाला यंत्राचीही गरज नसते. लंडनमधील मार्गारेट डिक्स व चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये वर्णिलेल्या चाचणीत रुग्णाचे डोके ४५ अंश वळवून त्याला झटकन उताणे निजवितात. बुबुळे विशिष्ट पद्धतीने थरथरू लागली, की कोणता कान दोषी हे समजते.

उपचारही तितकाच साधा आहे. अमेरिकेतील डॉ. जॉन एप्ली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत रुग्णाला निजवून डोके टप्प्याटप्प्याने निरोगी बाजूकडे वळवितात, मग कुशीवर घेऊन उठवितात. प्रत्येक स्थितीत अर्धा ते एक मिनिट थांबल्याने कण गुरुत्वाकर्षणाने मूळ जागी परततात. पुष्कळांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. मात्र त्रास पुन्हा उद्भवू शकतो. कान चुकला तर व्यायाम व्यर्थ जातो, म्हणून पहिल्यांदा तो कान-नाक-घसा तज्ज्ञांकडूनच करून घ्यावा. मानेचे गंभीर विकार असणाऱ्यांनी तर घरी प्रयोग करूच नये.

चक्कर तासन् तास टिकत असेल, सोबत कानात आवाज येऊन ऐकू कमी येत असेल, तर 'मेनिअर'चा विकार संभवतो. त्यात आहारातील मीठ कमी करण्याचा सल्ला दिला जातो. सर्दी-तापानंतर अचानक सुरू होऊन दिवसेंदिवस राहणारी चक्कर बहुधा तोलाच्या मज्जातंतूला आलेल्या सुजेची असते. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या तीव्र झटक्यात दोन-तीन दिवस उपयोगी पडतात. महिनोन्‌महिने घेतल्यास मेंदूची तोल सावरण्याची नैसर्गिक प्रक्रियाच त्या मंदावतात. बीपीपीव्हीमध्ये तर त्या कण हलवू शकत नाहीत.

परंतु चक्करीबरोबर बोलणे अडखळणे, एकाची दोन दिसणे, चेहरा वा हात-पाय लुळे पडणे, आधाराशिवाय उभेही राहता न येणे किंवा असह्य डोकेदुखी यांपैकी काहीही जाणवल्यास दोष कानाचा नसून पक्षाघाताचा असू शकतो. अशा वेळी रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.