प्रवासखर्चाची भरपाई (अमेरिका)
कामानिमित्त झालेला प्रवासखर्च मालकाने पगारापासून वेगळा आणि लवकर चुकता करावा. करनियमांनुसार ६० दिवसांत हिशेब दिला आणि उरलेली उचल १२० दिवसांत परत केली, तर ती रक्कम साधारणपणे करमुक्त राहते. ७५ डॉलरखालच्या टॅक्सी-जेवणाला पावती लागत नाही, हॉटेलमुक्कामाला मात्र लागतेच. ठोक भत्ता सोपा, असा आक्षेप घेतला जातो. पण हिशेबाविना दिलेला भत्ता वेतन ठरतो, त्यावर कर कापला जातो आणि तूट कर्मचाऱ्याच्या खिशाला बसते. २०१८ पासून बहुतेक नोकरदारांना असा खर्च संघीय करपात्र उत्पन्नातून वजाही करता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या कामगार संहितेचे कलम २८०२ आवश्यक खर्चाची भरपाई सक्तीची करते. विमानाचे तिकीट स्वतःच्या क्रेडिट कार्डावर काढणारा कर्मचारी कंपनीला बिनव्याजी कर्जच देतो. म्हणून मोठ्या खर्चाची उचल आधीच द्यावी.