नदी आटली आणि अंग सुटलं



मागे आमच्या गावात आरोग्य तपासणी झाली. वजनकाट्यावर आमच्या गटातल्या एक ताई उभ्या राहिल्या. काट्याजवळ बसलेल्या माणसाने आकडा मोठ्याने वाचला आणि वर म्हणाला, "ताई, जरा तोंडाला कुलूप लावा." रांगेतल्या बायका हसल्या. खोटं कशाला सांगायचं, आम्हीही हसलो. त्या दिवसापासून त्या ताई बैठकीला आलेल्या नाहीत. बचतीचे पैसे मुलाच्या हाती पाठवतात.

मग आमचं मन आम्हाला खाऊ लागलं. त्या ताई काय खातात, ते आम्हाला माहीत आहे. घरातल्या सगळ्यांच्या मागून जेवतात, उरलंसुरलं खातात. त्यांची आई अशीच होती, मावशीही अशीच आहे. मग दोष तोंडाचा, रक्ताचा, की आणखी कशाचा? हे शोधायला बसलो तेव्हा आम्हाला एका नदीची गोष्ट सापडली. ती आज तुम्हाला सांगतो.

अमेरिकेत ॲरिझोना नावाचं एक कोरडं राज्य आहे. तिथे हीला नावाची नदी आहे. तिच्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींना बाहेरचे लोक पिमा म्हणतात. ते स्वतःला 'नदीची माणसं' म्हणवतात. पाऊस नावाला, पण नदीला पाणी भरपूर. त्यांच्या पूर्वजांनी काही शतकांपूर्वीच नदीपासून रानापर्यंत लांबच लांब पाट खोदले होते. मका, घेवड्यासारख्या शेंगा, भोपळा, कापूस आणि पुढे गहू असं सगळं ते पिकवायचे. नदीत मासे होते, रानात झाडांच्या गोड शेंगा होत्या. १८४९ नंतर कॅलिफोर्नियात सोनं शोधायला निघालेले हजारो गोरे लोक या वाटेने गेले. त्या उपाशीतापाशी वाटसरूंना धान्य कोणी पुरवलं? या पिमांनीच.

पुढे काय झालं, ते टेलच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. १८७० च्या सुमारास नदीच्या वरच्या अंगाला गोरे शेतकरी येऊन वसले. त्यांनी आपले कालवे काढले आणि पाणी वरच्यावर वळवलं. एकोणिसावं शतक संपेपर्यंत पिमांच्या पाटात पाणी येईनासं झालं. पिकं जळाली. ज्यांनी दुसऱ्यांना जेवू घातलं, त्यांच्यावर झाडं तोडून सरपण विकायची वेळ आली. लोक उपासमारीने मेले. पुढे १९३० च्या आसपास सरकारने मोठं धरण बांधलं, पण त्यातूनही त्यांची जुनी शेती काही परत उभी राहिली नाही.

शेती गेली तसं ताटही बदललं. सरकारकडून रेशन येऊ लागलं. त्यात मैदा, साखर, डुकराची चरबी आणि डब्यातलं अन्न असायचं. मैद्याची भाकरी चरबीत तळायची, हेच रोजचं जेवण झालं. १९७२ च्या दुष्काळात रेशनची मिलो खाल्लेल्या आपल्या आज्यांना विचारा. मिळेल ते खाण्याची वेळ आली की आवडनिवड राहत नाही. आपल्याकडे मिलो दुष्काळाबरोबर गेली. पिमांच्या ताटातला मैदा मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहिला. त्यात भर म्हणजे अंगमेहनतीची शेतीही उरली नव्हती.

१९६५ पासून अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचे डॉक्टर या लोकांची नियमित तपासणी करू लागले. जे दिसलं ते पाहून सगळे चकित झाले. पस्तिशीच्या पुढच्या जवळपास निम्म्या माणसांना साखरेचा आजार होता आणि लठ्ठपणा घरोघरी होता. शतकाच्या सुरुवातीला याच लोकांत हा आजार क्वचित दिसत होता.

असं का झालं? खाण तशी माती, असं आपण म्हणतो. १९६२ मध्ये जेम्स नील या शास्त्रज्ञाने काहीसा तसाच विचार मांडला होता. आई-बापाकडून मुलाच्या अंगात जे गुण उतरतात ते जनुकांतून उतरतात. नील यांचं म्हणणं असं की दुष्काळ सोसलेल्या लोकांत काटकसरी जनुकं टिकली असतील. सुगीत खाल्लेलं अंगात साठवायचं आणि टंचाईत पुरवून वापरायचं, हा त्यांचा गुण. टंचाईत हा गुण जीव वाचवतो, पण रोज साखर-मैदा मिळू लागला की तोच उलटतो. हा विचार पिमांनाही लावला गेला. शास्त्रज्ञांनी त्यांच्यात असं एखादं मोठं जनुक खूप शोधलं, पण सगळ्याचा उलगडा करणारं एकही सापडलं नाही. आज असं कळतं की वजनावर शेकडो जनुकांचा थोडाथोडा परिणाम होतो.

पण म्हणून रक्ताचा काही संबंध नाही, असंही नाही. १९८६ मध्ये डेन्मार्क देशात दत्तक गेलेल्या माणसांचा अभ्यास छापून आला. त्यांची अंगकाठी वाढवणाऱ्या आई-बापांपेक्षा जन्म देणाऱ्या आई-बापांशी जास्त जुळत होती. म्हणजे एकाच ताटात जेवून एक बहीण सडपातळ राहते आणि दुसरीचं अंग सुटतं, यात दुसरीचा हावरेपणाच असतो असं नाही.

आता गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग ऐका. पिमांचे भाऊबंद सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरातही राहतात. मायकोबा नावाचं ते गाव आहे. त्यांचं मूळ एकच. पण डोंगरातल्या लोकांची शेती हातातून गेली नव्हती. मका आणि शेंगा पिकवायच्या, त्याच खायच्या आणि दिवसभर राबायचं. १९९४ मध्ये दोन्हीकडची तुलना छापून आली. डोंगरातले पिमा ॲरिझोनातल्या पिमांपेक्षा सरासरी २६ किलोंनी हलके होते. २००६ च्या अहवालात साखरेच्या आजाराचे आकडे आले. ॲरिझोनात शंभरातल्या ३८ जणांना आजार होता, तर डोंगरात शंभरातल्या सातांना.

मैत्रिणींनो, बी एकाच खळ्यातलं होतं, रान वेगळं होतं. नुसत्या बियाण्याला दोष देऊन कसं चालेल? 'त्यांच्या रक्तातच आहे' असं म्हटलं की पाणी कोणी वळवलं हे विचारायची गरज उरत नाही. 'तोंडाला कुलूप लावा' म्हटलं तरी तेच होतं. ज्याचं ताट दुसऱ्याने बदललं, त्यालाच दोषी धरलं जातं.

या पिमांनीच जगाला आणखी एक गोष्ट शिकवली. तिथे काही आयांना दोन बाळंतपणांच्या मधल्या काळात साखरेचा आजार झाला. आजार होण्याआधी जन्मलेली मुलं आणि नंतर जन्मलेली मुलं यांची तुलना केली. आई-बाप तेच, घर तेच. तरी आजारानंतर पोटात वाढलेल्या मुलांत लठ्ठपणा आणि साखरेचा आजार जास्त निघाला. म्हणजे माणसाचं पहिलं रान म्हणजे आईचं पोट.

हे आपल्यापासून लांब नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन शहरातली बाळं ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत मांस कमी असलं तरी कातडीखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती. दिसायला बारीक, आत चरबी. अशी मुलं मोठी होऊन भरपूर खाऊ लागली आणि बसून राहू लागली की साखरेचा आजार लवकर गाठतो. म्हणून सडपातळ बाईनेही 'मला काय होतंय' म्हणू नये. याच गावांत असंही दिसलं की ज्या आया दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं जास्त वजनाची झाली, आणि ज्यांना गरोदरपणात कष्टाची कामं जास्त होती, त्यांची बाळं लहान राहिली.

आता सांगा, आपल्या घरात पालेभाजी शिजते तेव्हा गरोदर सुनेच्या ताटात ती किती येते? दूध डेअरीला घालून घरात किती राहतं? सातव्या-आठव्या महिन्यात डोक्यावर भारा कोणाच्या असतो? आई-बापाकडून आलेली जनुकं आपल्याला बदलता येत नाहीत. सुनेचं ताट बदलता येतं आणि तिच्या डोक्यावरचा भारा उतरवता येतो.

पिमांनी हार मानली नाही. ते पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडले. २००४ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि त्यांना पाण्याचा मोठा वाटा परत देण्याचं ठरलं. आज तिथे पुन्हा शेती होते. त्यांच्या जुन्या शेंगांचं वाण पुन्हा पेरलं जातं. गेलेली तब्येत एका पिढीत परत येत नाही, पण सुरुवात पाण्यापासून आणि रानापासूनच करावी लागते, हे त्यांना कळलं आहे.

आमच्या गटाने तीन गोष्टी ठरवल्या आहेत. पुढच्या तपासणीत काटा पडद्याआड ठेवायला सांगायचा आणि आकडा फक्त त्या बाईला सांगायचा. गटातल्या प्रत्येक गरोदर बाईच्या घरी सासूला आणि नवऱ्याला भेटून तिच्या ताटाबद्दल आणि कामाबद्दल बोलायचं. परसात शेवगा लावायचा आणि भाज्यांचे वाफे करायचे.

चौथी गोष्ट ठरवायची नव्हती, करायची होती. परवा आम्ही तिघी-चौघी त्या ताईंच्या घरी गेलो. "आम्ही हसलो, चुकलं आमचं," असं म्हणालो. त्यांनी चहा ठेवला, पण बैठकीला येते असं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनाच काय, कोणालाही लगेच येववणार नाही. तुमच्याही गटात अशी एखादी रिकामी जागा असेल. तिच्या घरी एकदा जाऊन या.