बेदींच्या काळातले दोघे

आमच्या मेडशीत, अकोला-वाशीम रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर, एक वाद वर्षानुवर्षं चालत आला आहे. ट्रान्झिस्टरला कान लावून कॉमेंट्री ऐकणाऱ्या पिढीचा हा वाद. पद्माकर शिवलकर हे बिशनसिंग बेदींपेक्षा सरस, केवळ नशिबाने मागे राहिले, असं एक पक्ष म्हणायचा. मीही त्याच पक्षाचा.

भांडायला आकडे होते. शिवलकरांनी १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी घेतले, सरासरी १९.६९. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांचे बळी ७५०, सरासरी १८.५८. दोघेही डावखुरे फिरकी गोलंदाज. कसोटी मात्र एकही नाही. बेदींची प्रथम श्रेणीतली सरासरी २१.६९.

पण आकडे उलटून पाहावे लागतात. या दोघांचे बहुतेक बळी देशी खेळपट्ट्यांवर, देशी फलंदाजांचे. बेदींनी ६७ कसोटींत, देशोदेशीच्या मैदानांवर, २६६ बळी मिळवले. त्यांचा मान कुणाकडून हिसकावलेला नव्हता. हे मला उशिरा पटलं.

मग अन्याय झालाच नाही का? झाला. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासला मुंबईच्या धावा १५१ आणि ११३. तरी तमिळनाडू ८० आणि ६१ मध्ये गारद! शिवलकरांनी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले. मुंबईचं ते सलग पंधरावं अजिंक्यपद. पुढे १९७४ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या बंगळूर कसोटीत बेदी संघाबाहेर होते. गोयल यांना बोलावलं, पण अकरा जणांत घेतलं नाही. जागा एकच होती, ही सबब त्या दिवशी तरी चालणारी नव्हती.

गावसकरांनी 'आयडॉल्स' या पुस्तकात दोघांनाही स्थान दिलं. क्रिकेट मंडळाचा सी. के. नायडू जीवनगौरव दोघांना मिळाला २०१७ साली. गोयल २०२० मध्ये गेले, बेदी २०२३ मध्ये आणि शिवलकर २०२५ मध्ये.

२०२४-२५ च्या रणजी मोसमात आपल्या विदर्भाच्या हर्ष दुबेने ६९ बळींचा विक्रम केला. तोही डावखुरा फिरकी गोलंदाज. टपरीवर पुन्हा वाद पेटला. मी एवढंच म्हणालो, थोर कोण ते सावकाश ठरवू. संधी मात्र वेळेवर द्यायची असते. सत्काराची शाल हातातला चेंडू परत देत नाही.